लांबलचक पोलिश शब्द: दोन पेन्सिलींनी फोडण्याची पद्धत

पोलंडमध्ये पन्नास ग्रोषांचं नाणं रोज हातात येतं. शंभर ग्रोष म्हणजे एक झ्वोति, म्हणजे हे अर्ध्या झ्वोतिचं नाणं, आकाराने अगदी लहान. त्याचं बोलण्यातलं नाव मात्र आहे 'प्येंज्येश्येंच्योग्रोषुफ्का'. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो दुकानाच्या गल्ल्यावर. सुट्ट्यांची अडचण होती, बाईंनी काहीतरी विचारलं आणि माझ्या कानाला शेवटचं 'का' तेवढं लागलं. घरी येऊन शब्द कागदावर मांडला, तेव्हा लक्षात आलं की यात मला अनोळखी असं काहीच नव्हतं. पन्नास येत होतं, ग्रोष येत होता, आणि तो 'का' तर त्याआधी कितीतरी शब्दांच्या शेवटी भेटला होता.

अडलं होतं दुसरीकडेच. उच्चारासाठी शब्द जिथे तुटतो आणि अर्थासाठी जिथे तुटतो, त्या जागा वेगळ्या असतात. मी एकाच चिरेत दोन्ही कामं करायला बघत होते. तेव्हापासून मी दोन पेन्सिली वापरते. निळीने अक्षरं पाडायची, म्हणजे तोंडाने एका दमात उच्चारले जाणारे तुकडे. तांबडीने घटक पाडायचे, म्हणजे अर्थ वाहणारे तुकडे: उपसर्ग, धातू, प्रत्यय. आधी निळी, मग तांबडी. इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी असंच शिकवते, आणि तीच पद्धत इथे सविस्तर मांडते आहे.

देवनागरीत पोलिश कसं लिहायचं

पोलिश लिहायला आपली लिपी फार सोयीची आहे. पोलिशमध्ये 'श' दोन आहेत: एस-झेड मिळून होणारा जाड, आणि एसवर तिरकी रेघ असलेला कोवळा. बहुतेक भाषांच्या लोकांना हा फरक लिहून दाखवता येत नाही. आपल्याकडे ष आणि श दोन्ही तयार आहेत. जाडासाठी ष, कोवळ्यासाठी श. तसंच सी-झेडसाठी जीभ थोडी मागे नेऊन म्हटलेला च, आणि रेघवाल्या सीसाठी 'चिमणी'तल्यासारखा मऊ च, जो मी 'च्य' असा लिहिते. नुसता सी म्हणजे 'चाक' मधला च; त्याला इथे 'त्स' लिहिलं आहे. आपल्याला हा उच्चार जन्मापासून येतो, हे विसरू नका.

झेड म्हणजे झ. आर-झेड ही जोडी आणि टिंबवाला झेड यांचा उच्चार एकच. तो खाली नुक्ता देऊन झ़ असा लिहिते. पी, टी, के यांच्यानंतर आर-झेड आली की तिचा ष होतो, म्हणून 'प्षे'. डब्ल्यूचा उच्चार व्ह, आणि आडवी रेघ मारलेल्या एलचा व. आय दीर्घ लिहायचा (ई) आणि वाय ऱ्हस्व (इ). शब्दाच्या शेवटीसुद्धा, कारण तिथे हा फरक अर्थ बदलतो. ए आणि इ या अक्षरांना खाली शेपूट असेल तर ते अनुनासिक: ओं आणि एं. शेवटी आलेला किंवा कठोर व्यंजनाला चिकटलेला द, झ, व्ह बोलताना त, स, फ होतो. म्हणून बर्फाला लिहिताना शेवटी डी असली तरी कानाला 'लुत' ऐकू येतं.

एवढं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.

निळी पेन्सिल: जोड्या बांधा, स्वर मोजा, मग चीर द्या

लांब शब्द दिसला की पहिलं काम तोडण्याचं नाही, बांधण्याचं. सी-एच, सी-झेड, डी-झेड, आर-झेड, एस-झेड या जोड्या एकेका ध्वनीच्या आहेत. त्यांच्याखाली छोटी कमान काढा. ष्चेब्झ़ेषिन या पूर्व पोलंडमधल्या गावाचं नाव रोमन लिपीत तेरा अक्षरांचं आहे आणि त्यात स्वर फक्त तीन. कमानी काढल्या की एस-झेड, सी-झेड, आर-झेड आणि पुन्हा एस-झेड अशा चार जोड्या एकेक होऊन बसतात, आणि तेराचे नऊ ध्वनी उरतात. ष्चे-ब्झ़े-षिन. तीन अक्षरं, 'बटाटा' इतकाच जीव.

दुसरं काम स्वर मोजायचं. पोलिशमध्ये जितके स्वर तितकी अक्षरं. स्वराशिवाय अक्षर नाही. ऱ्हस्व-दीर्घाचाही प्रश्न नाही, सगळे स्वर सारख्याच लांबीचे. फसवतो फक्त आय. त्याच्यापुढे दुसरा स्वर असेल तर तो बहुधा स्वर नसतो. आधीच्या व्यंजनाला मऊ करून तो गप्प बसतो, आपल्या 'य' सारखा. 'ब्यावि' म्हणजे पांढरा: लिहिताना आय, ए आणि वाय असे तीन स्वर दिसतात, पण अक्षरं दोनच, ब्या-वि. असा आय दिसला की त्याच्यावर काट मारा. 'हीस्तोर्या' (इतिहास) यातला शेवटचा आयही असाच 'य' होतो, म्हणून अक्षरं तीन.

दुसरा लहान खड्डा: ए आणि यू शेजारी आले तर काय? 'आउतो' म्हणजे गाडी, बाहेरून आलेला शब्द, त्यात आउ एकाच अक्षरात, म्हणून दोन अक्षरं. 'नाउका' म्हणजे विद्या, शिक्षण. तो अस्सल पोलिश, 'ना' हा उपसर्ग आणि पुढे धातू, म्हणून ना-उ-का, तीन. लिहिलेलं सारखं, मोजणी वेगळी.

तिसरं काम चीर देण्याचं, आणि इथे देवनागरी मदतही करते आणि चकवतेही. 'ओत्पोव्ह्येज्याल्नोश्च्य' म्हणजे जबाबदारी. देवनागरीत लिहिला की ओ, त्पो, व्ह्ये, ज्या, ल्नो हे पाच तुकडे आपोआप मोजून मिळतात आणि संख्या बरोबर येते. पण जागा बरोबर येत नाही, कारण आपली लिपी मधली सगळी व्यंजनं पुढच्या स्वराच्या गळ्यात घालते. पोलिश तसं करत नाही. तिथे तो ओद्-पो-व्ह्ये-ज्याल्-नोश्च्य असा तुटतो. यावर उपाय आपल्याच वृत्तांच्या अभ्यासात आहे. जोडाक्षर आलं की त्याच्या आधीचं अक्षर गुरू होतं, हे शाळेत लगक्रम मांडताना शिकलो. 'सत्य' मधला 'स' गुरू का, तर उच्चारात तो सत्-य असा तुटतो म्हणून. तोच कान इथे लावा. जोडाक्षर फोडा आणि पहिलं व्यंजन मागच्या अक्षराला द्या.

हे झालं की उरलेले नियम थोडे आहेत. दोन स्वरांत एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या अक्षरात जातं: लो-दुफ्-का. एकच व्यंजन लागोपाठ दोनदा आलं असेल तर मधून चीर: पान्-ना. दोन-चार वेगळ्या व्यंजनांचा घोळका असेल तर थोडी मोकळीक असते. 'श्योस्त्रा' (बहीण) हा शब्द ओळीच्या शेवटी श्यो-स्त्रा, श्योस्-त्रा किंवा श्योस्त्-रा असा कुठेही तोडला तरी चालतो. अशा ठिकाणी डोकं शिणवू नका. मात्र उपसर्ग स्पष्ट दिसत असेल तर चीर त्याच्या कडेलाच द्यायची. हा नियम मोकळिकीवर मात करतो. आणि पुढची गोष्ट त्याचीच आहे.

पोज्याव आणि पोद्झ्येम्ये

या दोन शब्दांपाशी थोडं थांबूया, कारण सगळी पद्धत इथे एका जागी दिसते.

दोन्हींची सुरुवात रोमन लिपीत हुबेहूब सारखी आहे: पी, ओ, डी, झेड, आय. पहिला शब्द 'पोज्याव' म्हणजे विभागणी, तोडणं. शब्द तोडण्याला पोलिशमध्ये हाच शब्द वापरतात. त्याचे घटक 'पो' आणि 'ज्याव'. ज्याव म्हणजे वाटा, विभाग. इथे डी आणि झेड एकाच घटकात आहेत, म्हणून ती जोडी आहे, तिच्याखाली कमान, आणि उच्चार मऊ 'ज्य'. पो-ज्याव.

दुसरा 'पोद्झ्येम्ये' म्हणजे जमिनीखालची जागा, तळघर, भुयार. घटक: 'पोद' म्हणजे खाली, 'झ्येम्या' म्हणजे जमीन. इथे डी उपसर्गाची आणि झेड धातूचा. दोघे शेजारी आले एवढंच; ते एका घरातले नाहीत. कमान काढायची नाही. पोद्-झ्ये-म्ये, द वेगळा, झ्य वेगळा.

म्हणजे निळ्या पेन्सिलीचं काम अचूक करायला तांबडीची मदत लागली. अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरत नाही. कमान काढण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: या जोडीचं पहिलं अक्षर उपसर्गाचं शेवटचं तर नाही? 'ओद', 'पोद', 'नाद', 'प्षेद' हे चार उपसर्ग डी वर संपतात. त्यांच्यापुढे झेड दिसला की सावध व्हायचं. मीही बरेच दिवस तळघराला 'पोज्येम्ये' म्हणत होते आणि समोरचा माणूस क्षणभर थांबून मग समजून घेत होता.

आघात: उलटीकडून मोजायचा

मराठीत शब्दातल्या आघाताने अर्थ फारसा बदलत नाही, म्हणून आपण त्याकडे लक्ष देत नाही. पोलिशमध्ये लांब शब्द कानाला कळतो तो आघातामुळेच. नियम सोपा: शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर. अक्षरं पाडून झाली की शेवटून दोन मोजा आणि तिथे निळा ठिपका द्या. ओद्-पो-व्ह्ये-ज्याल्-नोश्च्य, जोर 'ज्याल्' वर.

शब्दाला विभक्ती लागून तो एका अक्षराने वाढला की ठिपकाही एक घर पुढे सरकतो. क्राकुफ शहरात जोर 'क्रा' वर, पण 'क्राकुफमध्ये' म्हणताना तो क्रा-को-व्ह्ये होतो आणि जोर 'को' वर येतो. ठिपका पाठ करायचा नसतो, दर वेळी मोजायचा असतो.

अपवाद मोजके, पण रोजच्या वापरातले. 'मातेमातिका' सारखे ग्रीक-लॅटिन वळणाचे, इका ने संपणारे शब्द: जोर शेवटून तिसऱ्या 'मा' वर. 'उनीव्हेर्सितेत' मध्ये 'व्हेर्' वर. चारशे म्हणजे 'च्तेरिस्ता', जोर पहिल्या अक्षरावर. सातशे, आठशे, नऊशे यांचंही तसंच. आणि तिसरा गट क्रियापदांचा: 'रोबीलीश्मि' म्हणजे आम्ही करत होतो, जोर 'बी' वर. 'झ्रोबीलीबिश्मि' म्हणजे आम्ही केलं असतं, इथेही जोर 'बी' वरच, शेवटून चौथ्या अक्षरावर! कारण 'बि' आणि 'श्मि' हे मुळात स्वतंत्र शब्द होते. क्रियापदाला नंतर येऊन चिकटले. आघात त्यांना धरून मोजला जात नाही. बोलताना पुष्कळ पोलिश माणसंही इथे नेहमीचा नियम लावून मोकळी होतात, पण बातम्या आणि भाषणांत नीट उच्चार ऐकू येतो.

तांबडी पेन्सिल: मागून सोलायला सुरुवात

आता अर्थाकडे. पोलिश शब्दाची मांडणी आपल्या ओळखीची आहे: पुढे उपसर्ग, मध्ये धातू, मागे प्रत्यय, सर्वांत शेवटी विभक्ती. विभक्ती सात आहेत, आणि तृतीया, सप्तमी, संबोधन या कल्पना मराठी माणसाला समजावाव्या लागत नाहीत. युरोपातल्या कितीतरी भाषा बोलणाऱ्यांना त्या नव्याने शिकाव्या लागतात.

सोलायचं मागून. आधी विभक्ती किंवा लिंगाचा प्रत्यय काढा, मग एकेक प्रत्यय, शेवटी पुढचे उपसर्ग. आणि एक कसोटी पाळा: एक साल काढल्यावर हातात उरलेला तुकडा थोडाफार डागडुजी करून शब्दकोशात सापडला पाहिजे. सापडला नाही तर चीर चुकीच्या जागी पडली आहे.

'न्येपोद्लेग्वोश्च्योव्हि' हा शब्द घ्या. अर्थ स्वातंत्र्यविषयक, चळवळ, लढा अशा शब्दांमागे लागतो. शेवटचा 'ओव्हि' हा 'संबंधी' अर्थाचा विशेषण प्रत्यय काढला की उरतं 'न्येपोद्लेग्वोश्च्य', म्हणजे स्वातंत्र्य. ११ नोव्हेंबर हा पोलंडचा स्वातंत्र्यदिन, १९१८ ची आठवण, आणि त्याच्या नावात हाच शब्द आहे. पुढे 'ओश्च्य' काढा. तो आपला 'पणा' किंवा 'त्व'. उरतं 'न्येपोद्लेग्वि', स्वतंत्र. आता पुढून 'न्ये' काढा, तो 'न'. उरतं 'पोद्लेग्वि', अंकित, ताब्यातला. त्यात 'पोद' म्हणजे खाली, आणि 'लेग' हा पडण्या-आडवं होण्याच्या अर्थाचा धातू. म्हणजे पोलिश माणसाच्या भाषेत स्वातंत्र्य हे 'कोणाच्या खाली न पडलेलं असणं' आहे. ज्या देशाचे शेजाऱ्यांनी तुकडे केले आणि जो १७९५ पासून १९१८ पर्यंत नकाशावर नव्हता, त्या देशाच्या तोंडी हा शब्द ऐकताना मला दर वेळी त्यातला 'पोद' वेगळा ऐकू येतो.

आता निळ्या चिरा बघा: न्ये-पोद्-ले-ग्वो-श्च्यो-व्हि. धातू 'लेग' मधूनच तुटला आहे, ग पुढच्या अक्षरात गेला. 'ओश्च्य' हा प्रत्यय तर दोन अक्षरांत विखुरला. म्हणून म्हणते, एका पेन्सिलीने हे काम होत नाही.

जबाबदारीचा शब्दही असाच सोला. 'ओत्पोव्ह्येच्य' म्हणजे उत्तर. त्यापासून 'ओत्पोव्ह्येज्याल्नि', जबाबदार. त्याला 'ओश्च्य' जोडून जबाबदारी. आणि आपला शब्द? उत्तर, उत्तरदायी, उत्तरदायित्व. पायरीला पायरी जुळते. मराठी प्रतिशब्दाची जात सापडली की पोलिश शब्द डोक्यात पक्का बसतो. मी नेहमी ती शोधते. 'बेस्प्येच्नि' म्हणजे सुरक्षित: 'बेझ' म्हणजे विना, 'प्येचा' म्हणजे काळजी. आपला 'निश्चिंत' अगदी तसाच घडलेला आहे. मग 'नायन्येबेस्प्येच्न्येयषि' समोर आला तरी बिचकायचं कारण नाही. 'नाय' म्हणजे सर्वांत, 'न्ये' म्हणजे अ, मध्ये निश्चिंत, शेवटी 'एयषि' हा तुलनेचा प्रत्यय. सर्वांत धोकादायक. सहा अक्षरं, जोर 'न्येय' वर.

धातू वेष बदलतो तेव्हा

सालं काढून झाली आणि गाभा हातात आला, तरी तो शब्दकोशात सापडत नाही, अशी तक्रार सगळे करतात. कारण पोलिश धातू जोडीदार पाहून रूप बदलतो. परदेशी विद्यार्थी इथे वैतागतात. मराठी माणसाने वैतागू नये, कारण हे आपलं सामान्यरूप आहे.

पाटील, पाटलाचा. कापूस, कापसाचा. मधला स्वर गळतो. पोलिशमध्ये 'प्येस' म्हणजे कुत्रा, 'कुत्र्याचा' म्हणताना 'प्सा'. 'ज्येन्य' म्हणजे दिवस, 'दिवसाचा' म्हणजे 'द्न्या'. स्वर गळण्याची तीच गंमत.

फूल, फुलाचा. मूल, मुलाला. दीर्घाचा ऱ्हस्व होतो. पोलिशमध्ये 'स्तुव' म्हणजे टेबल, 'टेबलाचा' म्हणजे 'स्तोवु'. उ चा ओ झाला. इतिहासात हा 'उ' खरोखरच दीर्घ 'ओ' होता, आणि म्हणूनच तो लिहिताना आजही ओवर तिरकी रेघ देऊन लिहितात. बर्फ म्हणजे 'लुत', आणि त्यापासून 'लोदुफ्का', म्हणजे फ्रीज. फ्रीजच्या पोटात बर्फ आहे हे दिसायला उ चा ओ झालेला ओळखावा लागतो.

व्यंजनंही बदलतात. 'नोगा' पाय, 'नुष्का' छोटा पाय: ग चा झ़ झाला आणि बोलताना त्याचा ष. 'रेंका' हात, 'रोंच्का' छोटा हात: क चा च, आणि एं चा ओं. 'पोल्स्का' देश, पण 'पोलंडमध्ये' म्हणजे 'फ पोल्स्त्से': क चा त्स. तांबड्या पेन्सिलीने गाभा लिहिला की शेजारी त्याचं मूळ रूप कंसात लिहायची शिस्त लावा. महिनाभरात तीच सात-आठ बदलांची माळ पुन्हा पुन्हा भेटते आहे हे दिसू लागतं.

जोडशब्द, संख्या आणि समास

दोन नामं किंवा विशेषणं जोडताना पोलिश भाषा त्यांच्या मध्ये 'ओ' घालते. हा सांधा ओळखला की निम्मी लढाई संपते. 'येंझिकोझ्नाफ्स्त्फो' म्हणजे भाषाशास्त्र: येंझिक म्हणजे भाषा, मग सांध्याचा ओ, मग जाणण्याचा धातू, मग भाववाचक प्रत्यय.

दोन विशेषणांमध्ये जोडरेघ केव्हा द्यायची, यात पोलिश मुलंही गोंधळतात. आपल्याला समास येतो, म्हणून सोपं आहे. द्वंद्व असेल तर जोडरेघ द्यायची, पहिला भाग दुसऱ्याचं विशेषण असेल तर द्यायची नाही. 'ब्यावो-चेर्व्होनि' म्हणजे पांढरा आणि लाल, पोलंडच्या ध्वजासारखा. दोन रंग, समान मानाचे, म्हणून जोडरेघ. 'च्येम्नोचेर्व्होनि' म्हणजे गडद लाल. एकच रंग, म्हणून सलग. पिवळा आणि लाल जोडून 'झ़ुव्तो-चेर्व्होनि' जोडरेघेने लिहिलं तर दोन रंग, आणि सलग लिहिलं तर पिवळसर लाल. ओळ नेमकी या जोडरेघेपाशी तुटली, तर पोलिशमध्ये ती पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा देतात, म्हणजे वाचणाऱ्याला ती खरी जोडरेघ आहे हे कळतं.

संख्यांचे शब्द सर्वांत लांब होतात. पाच आणि त्यापुढच्या संख्या जोडशब्दात जाताना बहुधा 'ओ' ने संपतात: प्येंच्य चं प्येंच्यो, ज्येश्येंच्य चं ज्येश्येंच्यो. आता आपलं नाणं. प्येंच्य-ज्ये-श्यें-च्यो-ग्रो-षुफ्-का. सात अक्षरं, जोर 'षुफ्' वर. पहिला च्य बोलताना जवळजवळ गळतो. घटक: पन्नास, ग्रोष, 'उफ' हा प्रत्यय आणि 'का' हा स्त्रीलिंगी नाम करणारा. आपल्याकडेही जुन्या नाण्यांची नावं अधेली, पावली, चवली अशी स्त्रीलिंगीच होती. आता हे नाणं कोणी मागितलं की माझा हात सरळ पाकिटात जातो.

आत विभक्ती शिरणारा एक शब्द मात्र वेगळा नोंदवून ठेवा. 'झ़ेच्पोस्पोलीता' म्हणजे प्रजासत्ताक, पोलंडच्या अधिकृत नावातला शब्द. झ़ेच म्हणजे वस्तू, पोस्पोलीता म्हणजे सर्वांची, सामाईक. षष्ठीत तो 'झ़ेचिपोस्पोलीतेय' होतो: पहिल्या भागालाही विभक्ती लागली, दुसऱ्यालाही. नाण्यांवर नीट पाहिलंत तर यातलं पहिलं रूप दिसेल.

लांबच लांब दोन नमुने

'कोन्स्तान्तिनोपोलीतान्यचिकोव्ह्यानेच्का' हा शब्द पोलिश मुलांना जिभेच्या व्यायामासाठी देतात. रोज कोणी वापरत नाही. पण त्यात प्रत्ययांची शाळा भरली आहे. 'चिक' हा रहिवाशाचा प्रत्यय. सिंगापूरचा माणूस 'सींगापुर्चिक', आणि याच साच्याने कोल्हापूरचा माणूस 'कोल्हापुर्चिक' होईल. हा शब्द पोलिश तोंडात बसेल असा आहेच, कारण दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित, त्यात बरीचशी बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात राहिली. वर्षाव्हामध्ये, म्हणजे वॉर्सामध्ये, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. शहरवासीयांची नावं, उदाहरणार्थ 'क्राकोव्ह्यानीन', १ जानेवारी २०२६ पासून मोठ्या अक्षराने सुरू करायची, असा नवा नियमही लागू झाला आहे. जुन्या पुस्तकांत ती छोट्या अक्षराने दिसतील.

क्राकुफची मुलगी 'क्राकोव्ह्यान्का', लाडाने 'क्राकोव्ह्यानेच्का'. हाच 'यानेच्का' आपल्या लांब शब्दाच्या शेवटी आहे. म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या रहिवाशाची छोटी लेक. पाटलाची ती पाटलीण, तसं हे नात्याचं नाव. निळ्या चिरा: कोन्-स्तान्-ति-नो-पो-ली-तान्य-चि-को-व्ह्या-नेच्-का. बारा, जोर 'नेच्' वर. तोंडात बसवताना मागून बसवा: आधी 'नेच्का', मग 'व्ह्यानेच्का', मग 'कोव्ह्यानेच्का'. पुढून सुरुवात केली की दर वेळी जिभेला माहीत नसलेल्या जागी जावं लागतं. मागून केली की प्रत्येक वेळी पाठ झालेल्या जागी पोहोचता.

दुसरा, सतरा अक्षरांचा: ज्ये-व्ह्येंच्य-सेत-ज्ये-व्ह्येंच्य-ज्ये-श्यें-च्यो-ज्ये-व्ह्यें-च्यो-ना-रो-दो-व्हो-श्च्यो-व्हि. पहिली अकरा अक्षरं नऊशे नव्व्याण्णव. उरलेली सहा 'नारोदोव्होश्च्योव्हि'. मागून सोला: 'ओव्हि' संबंधी, 'ओश्च्य' पणा, 'ओव्ह' पुन्हा संबंधी, आणि 'नारुत' म्हणजे राष्ट्र, ज्याचा उ ओ झाला. नारुतच्या आत 'रुत' म्हणजे कुळ. नऊशे नव्व्याण्णव राष्ट्रीयत्वांचा. इतका मोठा शब्द, आणि त्यात नवीन असं एकच, 'नारुत'.

घरी करून पाहायला

रोज एक शब्द पुरे. औषधाच्या खोक्यावर, ट्रामच्या थांब्यावर, सदनिकेच्या सूचनाफलकावर असे शब्द हवे तेवढे मिळतात. शब्द वहीत तीन वेळा लिहा: एकदा जसाच्या तसा, एकदा निळ्या चिरांसह, एकदा तांबड्या. शंका असेल तिथे पेव्हूएन प्रकाशनाचा शब्दकोश बघा. तो इंटरनेटवर मोफत आहे.

सुरुवातीला दोन देते. पावसाळी कोटाच्या चिठ्ठीवर असतो तो 'प्षेच्यीव्ह्देष्चोव्हि'. निळ्या चिरा प्षे-च्यीव्ह्-देष्-चो-व्हि. तांबड्या: 'प्षेच्यीफ' म्हणजे विरुद्ध, 'देष्च' म्हणजे पाऊस, 'ओव्हि' संबंधी. पाऊस हा शब्द निळ्या चिरेने दोन अक्षरांत वाटला गेला, ते बघा.

दुसरा 'प्षेत्पोवुद्न्ये'. कार्यालयांच्या वेळापत्रकात दिसतो. 'प्षेद' म्हणजे आधी, 'पुव' म्हणजे अर्धा, त्याचा झाला पोव. आणि शेवटच्या 'द्न्ये' मध्ये तोच दिवस, ज्येन्य, मधला स्वर गाळून बसलेला. अर्ध्या दिवसाच्या आधीचा वेळ. मराठीत आपण त्याला पूर्वाह्न म्हणतो.